पुठ्ठ्याआडची बाजू

बाळांना वेळापत्रक कळत नाही, ही गोष्ट विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग सोडला तर सगळ्या जगाला ठाऊक आहे. विभागाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून, बाळांची खोली होती. तिथे सकाळी साडेदहाला सहा महिन्यांचं बाळ हजर व्हायला हवं असे, आणि तेही पोट भरलेलं, झोप झालेली, खुशीत असलेलं. प्रत्यक्षात यायचं ते भुकेलेलं, नाहीतर पेंगुळलेलं, नाहीतर जिन्यातल्या शिपायाच्या मिशा बघून आधीच भोकाड पसरलेलं. अशी बाळं जमवायची, त्यांच्या आयांना फोन करायचे, चावलेली खेळणी साबणाच्या पाण्यात बुचकळून खिडकीत वाळत टाकायची, आणि मग काचेमागच्या कोंदट खोलीत उभं राहून त्या बाळांचं हसणं-रडणं सेकंदांत मोजायचं, हे सगळं मोठीकडे होतं.

मोठी म्हणजे दोघी बहिणींतली मोठी. विभागात तिला सगळे काकू म्हणत. मुलगा कॉलेजात गेला आणि घरात तिला करायला काही उरलं नाही, तेव्हा चाळिशीला टेकलेल्या या बाईने पुन्हा पुस्तकं उघडली, एम.ए. केलं, आणि कुणी काही म्हणायच्या आत पीएच.डी.लाही नाव घातलं. विषय बालविकासाचा. नवरा म्हणाला होता, एक मूल वाढवलंस तेव्हा डोळे मिटून वाढवलंस, आता दुसऱ्यांची मोजायला निघालीस. ती म्हणाली, तेव्हा डोळे उघडायला वेळ कुठे होता?

प्रयोग सांगायला सोपा होता. बाळ उंच खुर्चीत. समोर हातभर अंतरावर आई. पहिली दोन मिनिटं आईने घरच्यासारखं खेळायचं, बोबडं बोलायचं, गुदगुल्या करायच्या. मग काचेवर एक टकटक झाली की तिने चेहरा कोरा करायचा. रागावलेला नाही, रुसलेला नाही, नुसता कोरा. बाळाकडे बघत राहायचं, पण हसायचं नाही, बोलायचं नाही, हात लावायचा नाही. दोन मिनिटं. मग काचेवर दोनदा टकटक झाली की आई पुन्हा आई.

त्या दोन मिनिटांत बाळं काय करत हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मोठीला हसू आलं होतं, ते टिकलं नव्हतं. बाळ आधी चक्रावतं. मग आपलं सगळ्यात हुकमी हसू काढून दाखवतं. ते चालत नाही म्हणून ओरडून बघतं, हात पसरून बघतं, पाय आपटून बघतं. रुसलेल्या माणसाला परत आणायच्या जेवढ्या युक्त्या असतात, तेवढ्या सगळ्या त्याच्या गाठीला सहाव्या महिन्यातच असतात. सगळं करून झालं की ते मान फिरवतं. काही जण रडतात. पुढे दोन वर्षांचं झाल्यावर तेच मूल पुन्हा बोलवायचं, आणि तेव्हा आईशी चटकन समजूत पटलेल्या बाळांची बोलण्या-खेळण्यातली प्रगती कशी आहे ते बघायचं, असा एकूण बेत होता.

एक नियम मात्र दगडावर कोरल्यासारखा होता. बाळ सलग वीस सेकंद रडलं की त्या क्षणी दोनदा टकटक करायची. मग दोन मिनिटं होवोत न होवोत. तशी नोंद 'अपूर्ण' म्हणून बाजूला पडे, तिचा मुख्य मोजणीत उपयोग नसे. सलग म्हणजे काय, तेही प्रयोगाच्या पुस्तिकेत लिहिलेलं होतं. श्वास घेण्यापुरती तीन सेकंदांच्या आतली उसंत म्हणजे रडणं थांबणं नव्हे. हे वाक्य मोठीने स्वतः लिहिलं होतं. त्यासाठी ती आणि मॅडम, म्हणजे तिच्या मार्गदर्शक, एक अख्खी दुपार भांडल्या होत्या. मोठी पाच सेकंद म्हणत होती, मॅडम दोन. शेवटी तिनावर तह झाला.

साठ बाळं हवी होती आणि एकोणसाठ झाली होती. साठावं काही केल्या होईना. एक बाळ खुर्चीत बसवल्या बसवल्या झोपलं. दुसऱ्याने कॅमेऱ्याच्या तिकाटण्यावर दूध ओकलं. तिसऱ्याची आई इतकी हसरी होती की तिला चेहरा कोरा म्हणजे काय तेच जमेना, सारखी तोंडावर पदर धरून खुदखुदायची. आणि पुढच्या सोमवारपासून खोली रंगाऱ्यांच्या ताब्यात जाणार होती, ती महिनाभर. तेव्हा मोठीने धाकटीला फोन लावला. धाकटीची गुंडी सहा महिने तीन आठवड्यांची होती. सात महिन्यांपर्यंतच चालत होतं.

मॅडम पूर्वी एकदा म्हणाल्या होत्या, नात्यातली मुलं शक्यतो नकोत. मोठीने त्यातलं 'शक्यतो' तेवढं उचललं.

धाकटी अकरा वर्षांनी लहान. आई दिवसभर कामावर असायची, त्यामुळे धाकटीची वेणी, गृहपाठ, तापातल्या पट्ट्या सगळं मोठीच्या वाट्याला आलेलं. शाळेच्या वाटेवर एक रुंद रस्ता लागे. मोठी तिला कडेला उभी करून सांगायची, मी म्हणेपर्यंत पाऊल उचलायचं नाही. एकदा मैत्रीण भेटली म्हणून मोठी गप्पांत रमली आणि विसरून गेली. दहा मिनिटांनी मागे वळून बघते तर ही रस्त्याच्या कडेला तशीच, दप्तराचे पट्टे दोन्ही हातांनी धरून, तिच्या तोंडाकडे बघत उभी. घरी हा किस्सा वर्षानुवर्षं हसून सांगितला जायचा. हल्ली मोठी तो सांगत नसे.

त्या दिवशी गुंडीने पहिली दोन मिनिटं धमाल केली. शिंप्याच्या घरातलं मूल. तिची आई घरीच शिवणकाम करायची आणि नाकाच्या आकारावरून तिनेच हे नाव ठेवलेलं. आईच्या गळ्यातली माप घ्यायची पट्टी ओढून ओढून ती किंचाळत होती. टकटक झाली. धाकटीचा चेहरा कोरा झाला. मोठी काचेमागे म्हणाली, शाबास. त्या खुदखुदणाऱ्या आईपेक्षा माझी बहीण शंभरपट हुशार.

एक मिनिट चार सेकंदांवर गुंडी रडायला लागली. मोठीने स्टॉपवॉच दाबलं. दहा. पंधरा. हात काचेशी नेला. अठरावर गुंडीने श्वास घेतला. रडण्यातला तो मोठा, आत ओढलेला, आवाज बंद पडलेला श्वास, ज्याच्यानंतर आणखी मोठं काही येणार हे कुठल्याही आईला ठाऊक असतं. आणि मोठीच्या अंगठ्याने बटण दाबलं. घड्याळ शून्यावर गेलं. थांबली की, असं तिच्या मनात कुणीतरी म्हणालं. तो आवाज समजूतदार होता, अगदी मॅडमसारखा. मग सतरावर पुन्हा एक श्वास. पुन्हा शून्य. मग एकोणीस, आणि दोन मिनिटं पूर्ण. तिने दोनदा टकटक केली.

धाकटीने गुंडीला खुर्चीतून असं उचललं की पट्टा सोडायचाही राहिला, खुर्ची चार बोटं वर आली. मग तिला छातीशी धरून ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "झालं ना नीट?"

"एकदम छान," मोठी म्हणाली. "शहाणी आहे गुंडी."

चहा झाला. विभागाकडून प्रत्येक बाळाला मिळायचं ते कापडी पुस्तक दिलं. मायलेकी रिक्षातून गेल्या. मोठीने तक्त्यात रडण्याच्या तीन वेगवेगळ्या नोंदी केल्या, अठरा, सतरा, एकोणीस, आणि खाली 'पूर्ण' असं लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं होतं.

त्यानंतर दीड वर्ष गेलं, आणि दीड वर्षात या गोष्टीने तिला खाल्लं म्हणावं असं काही बाहेरून दिसलं नाही. ती जेवत होती, झोपत होती, प्रबंधाची प्रकरणं लिहीत होती. फक्त कुठेही मूल रडायला लागलं की तिच्या उजव्या अंगठ्याला आपोआप मोजायची लहर यायची. दुकानात, बसथांब्यावर, वरच्या मजल्यावर. वीसच्या पुढे गेलं की ती जागा सोडून निघून जायची. नवऱ्याला वाटायचं, हिला आता मुलांचा कंटाळा आलाय.

शास्त्र तिला तोंडपाठ होतं. दोन मिनिटांनी कुठल्याच बाळाचं काही बिघडत नाही. घरात दुधाचं भांडं उतू जातं, दारावर कुणी येतं, आई न्हाणीघरात असते, बाळं याहून जास्त रडतात आणि ठणठणीत मोठी होतात. साठ आयांना तिने हेच सांगितलं होतं, घरी पोचेपर्यंत विसरेल बघा. आणि ते खरंच होतं. पण प्रश्न दोन मिनिटांचा नव्हताच. प्रश्न अंगठ्याचा होता.

गुंडी वाढत होती. चालायला लागली, बडबडायला लागली, मावशीच्या पर्समधून पेनं पळवायला लागली. आणि तिला एक खोड लागली. धाकटी मशीनवर बसली, मान खाली घालून शिवण सरळ नेण्यात गुंतली, की गुंडी येऊन दोन्ही तळव्यांनी तिची हनुवटी धरायची, तोंड आपल्याकडे फिरवायची आणि म्हणायची, "हस."

धाकटीला याचं भारी कौतुक. आल्यागेल्याला सांगायची. गिऱ्हाईक बायकांना करून दाखवायची. तोंडात टाचण्या असतील तर हसताही येत नाही, म्हणायची, मग ही बया माझे ओठ बोटांनी ताणून हसू काढते. सगळ्या हसायच्या. मोठीही हसायची आणि उठून पाणी प्यायला जायची. सगळी दोन वर्षांची पोरं असं काही ना काही करतात, हे तिला ठाऊक होतं. प्रबंधात तिने तसं लिहिलंही होतं, संदर्भासहित.

मग दुसऱ्या भेटीची वेळ आली. साठही मुलं दोन वर्षांची व्हायला लागली होती आणि एकेकाला फोन जात होते. धाकटीला मोठीनेच फोन केला. नाही म्हणेल, असं तिला वाटत होतं. खरं म्हणजे नाही म्हणाली तर बरं, असं वाटत होतं. धाकटी म्हणाली, येते की, गुरुवारी गिऱ्हाईक कमी असतं. मग म्हणाली, "यावेळी मला काही करायचं नाहीये ना? म्हणजे, चेहरा-बिहरा?"

"नाही, नुसतं खेळायचं."

"मग काय. आणि तू आहेसच."

फोन ठेवल्यावर मोठीने खेळण्यांची बादली भरली आणि आधीच धुतलेली खेळणी पुन्हा धुतली.

याच आठवड्यात भिंग कामाला लागलं होतं. भिंग म्हणजे विभागात नव्याने आलेली एक मुलगी, जाड चष्म्याची, पंचवीस-सव्वीसची, आणि इतकी बारीक नजरेची की नाव मोठीनेच पाडलं होतं. एकाच माणसाच्या मोजणीवर विसंबायचं नाही, अशी या कामाची रीत. दुसऱ्याने त्याच चित्रफिती नव्याने मोजायच्या, पहिल्याचा तक्ता न बघता, आणि मग दोघांचं किती जुळतं ते बघायचं. भिंगाच्या वाट्याला चिठ्ठ्या टाकून पंधरा फिती आल्या होत्या.

चित्रफितीत पडद्याचे दोन भाग असत. डाव्या भागात बाळ, उजव्यात आई. बाळ मोजताना आईच्या चेहऱ्याने मन फिरू नये म्हणून उजव्या भागावर पुठ्ठा लावायची पद्धत होती. मोठीचा पुठ्ठा म्हणजे बुटांच्या खोक्याचं झाकण, कडांना चिकटपट्टी लावलेलं. तीन वर्षं तिने बाळंच पाहिली होती. मॅडमनी आता नवीन टूम काढली होती की आयांचीही मोजणी व्हावी, कोण किती वेळ चेहरा कोरा ठेवू शकली, कोण मध्येच विरघळली. म्हणून भिंग पुठ्ठा काढून बसली होती.

मंगळवारी दुपारी ती मोठीच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. हातात दोन तक्ते. चेहरा ओशाळा, जणू तिचंच काही सांडलंय.

"काकू, साठ नंबरात माझं काहीतरी चुकतंय. तुमच्याकडे रडण्याच्या तीन नोंदी आहेत. मला एकच दिसतंय, छप्पन्न सेकंदांचं. चार वेळा पाहिलं. दोन्ही उसंती सेकंदा-सेकंदाच्या आहेत."

मोठीने दोन्ही तक्त्यांवरून नजर फिरवली.

"पण तीनच्या आतली उसंत धरायची नाही, हे तर तुम्हीच मला शिकवलंत," भिंग म्हणाली. "म्हणजे मलाच नीट कळलं नसणार. तुम्ही म्हणत असाल तर मी पण तीन करते. तुमची नजर बसलेली आहे."

इतकं सोपं होतं ते. पोरगी खोडरबर घेऊनच आली होती. मोठीने नुसती मान हलवायची, आणि साठाव्या फितीवर दोन माणसांचं शंभर टक्के जुळलं असतं. समोरची मुलगी तिच्या तोंडाकडे बघत होती, तक्त्याची दोन्ही टोकं दोन्ही हातांनी धरून, सांगेपर्यंत हलणार नाही अशी.

"फीत लाव," मोठी म्हणाली.

दोघी पडद्यासमोर बसल्या. भिंगाने सवयीने सुरुवातीपासून लावली. मोठीने सवयीने पुठ्ठ्याकडे हात नेला आणि मग ठेवून दिला. डावीकडे गुंडी होती, ती तिला पाठ होती. उजवीकडे धाकटी होती. ती तिने कधी पाहिलीच नव्हती.

टकटक झाल्यावर धाकटीचा चेहरा कोरा होतो. एक मिनिट चारला गुंडी रडू लागते. धाकटी तशीच. पंधरा, सोळा. मग चेहरा न हलवता तिचे डोळे बाजूला जातात, काचेकडे. त्या बाजूने ती काच नव्हतीच, आरसा होता. तिला त्यात स्वतःचाच दगडी चेहरा दिसला असणार. डोळे परत गुंडीवर. तिसाव्या सेकंदाला पुन्हा काचेकडे. मांडीवर तिचे हात एकमेकांत गुंतलेले, नखं तळहातात रुतलेली. पंचेचाळिसाव्या सेकंदाला पुन्हा, आणि यावेळी ओठ किंचित हलतात. आवाज नाही. पण त्या ओठांची ती हालचाल मोठीने तेहतीस वर्षं पाहिली होती, तापात, अंधारात, रस्त्याच्या कडेला. ताई.

"कुणाला तरी हाक मारतेय," भिंग हळूच म्हणाली. "बिचारी. तिचा चेहरा मी 'पूर्ण वेळ कोरा' असा धरलाय. बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," मोठी म्हणाली. "तुझं सगळंच बरोबर आहे. माझं खोटं आहे. चुकलेलं नव्हे, खोटं. खोडायचं काही नाही. ती माझी बहीण आहे."

भिंगाने चष्मा काढून पुसला. मग तिने विचारलं, चहा आणू का? मोठी म्हणाली, आण, आणि ती गेल्यावर एकटीने फीत पुन्हा लावली.

गुरुवारपर्यंत थांबायचं नाही, हे तिने रात्रीच ठरवलं होतं. धाकटीला त्या खोलीत बसवून सांगणं म्हणजे पुन्हा तिलाच खुर्चीत बांधणं. बुधवारी दुपारी ती तिच्या घरी गेली. धाकटी मशीनवर एका जाड्या कापडाच्या कोटाला अस्तर लावत होती. तोंडात चार टाचण्या. गुंडी खाली चिंध्यांच्या ढिगात बसून रिळं एकावर एक रचत होती. बस, अशी धाकटीने मानेनेच खूण केली.

मोठी बसली नाही. वाटेत तिने बरीच वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही वेळेवर आलं नाही. आणि धाकटीच्या तोंडात टाचण्या आहेत, तिला लगेच उत्तर देता येणार नाही, हे बघून तिला बरं वाटलं. असं बरं वाटल्याची लाज वाटली, आणि त्या लाजेच्या भरातच ती बोलून गेली. वीस सेकंदांचा नियम सांगितला. गुंडी छप्पन्न सेकंद रडली ते सांगितलं. श्वासांचं सांगितलं, अंगठ्याचं सांगितलं. खोली रंगवायला जाणार होती, साठावं बाळ हवं होतं, एवढंच कारण होतं, दुसरं काही नव्हतं. मी टकटक करायला हवी होती. माझा हात काचेवर होता. मी केली नाही.

मशीन थांबलं.

धाकटीचा चेहरा कोरा झाला. यावेळी कुणी सांगितलेलं नव्हतं. ती मोठीकडे बघत होती आणि बघण्यात काहीच नव्हतं. मोठीने आधी थोडं हसून पाहिलं, कसनुसं. मग म्हणाली, ऐकतेयस ना? मग हात पुढे केला, तो मशीनच्या फळीपर्यंतच पोचला. मग म्हणाली, गुंडीला काही झालेलं नाही, शास्त्र असं सांगतं. आणि आपण एकामागून एक काय काय करतोय हे तिच्या ध्यानात आलं. तिने हे सगळं साठ वेळा मोजलेलं होतं, याच क्रमाने. आता फक्त मान फिरवणं उरलं होतं, पण ती तिने फिरवली नाही.

धाकटीने एकेक टाचणी काढून टाचण्यांच्या गादीत खोचली. चौथी खोचून झाल्यावर ती बोलली.

"म्हणजे तू वाजवलंच नव्हतंस."

"नाही."

"मला वाटायचं, तू वाजवलंस आणि मला ऐकू आलं नाही." तिचा आवाज अगदी सपाट होता. "हिच्या रडण्यात मला ऐकू आलं नसणार, असं. दीड वर्ष मी हेच धरून चाललेय. कसली आई मी, तिकडे ताईने वाजवलं तरी कळत नाही, नुसती बसून राहते ठोंब्यासारखी. ही हनुवटी धरते ना माझी, तेव्हा दर वेळी मला वाटतं, हिला आठवतंय. मी सगळ्यांना हसून सांगते. काय करू मग?"

मोठीने इतक्या दिवसांत पुष्कळ गोष्टींची शिक्षा स्वतःला देऊन पाहिली होती. ही तिच्या यादीत नव्हती. तिला वाटत होतं की ओझं आपण एकटीच वाहतोय. तिने ते वाटेत कुणाच्या डोक्यावर ठेवलं होतं याची तिला कल्पनाच नव्हती, कारण त्या बाजूला पुठ्ठा होता.

"तू मला विचारायचंस," असं ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला कळलं की हे म्हणायचा हक्क तिला नाही.

"विचारलं होतं," धाकटी म्हणाली. "झालं ना नीट, असं विचारलं होतं. तू म्हणालीस, एकदम छान."

खाली रिळांचा मनोरा पडला. गुंडीने वर पाहिलं, आईचं तोंड पाहिलं, उठून आली आणि दोन्ही तळव्यांनी हनुवटी धरली. "हस."

धाकटी हसली नाही. तिने तिला उचलून मांडीवर घेतलं आणि म्हणाली, नाही गं हसू येत आत्ता, थोड्या वेळाने. मग मोठीला म्हणाली, तू जा. गुंडीने मावशीला टाटा केला.

मॅडमना सांगणं त्यामानाने सोपं गेलं. मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, अशा आणखी किती? एकही नाही, असं मोठी म्हणाली. मॅडम म्हणाल्या, मलाही तसंच वाटतं, पण आता मला आणि तुम्हाला काय वाटतं याला अर्थ राहिला नाही. साठाव्या फितीची रीतसर चूक-नोंद विद्यापीठाच्या समितीकडे गेली. उरलेल्या एकोणसाठ फिती पहिल्यापासून दुसऱ्या दोघांनी मोजायच्या ठरल्या. प्रबंध एक वर्ष मागे गेला. बाळं हाताळायचं काम तिच्याकडून काढून घेतलं. खेळणी धुवायचं राहिलं. मोठी निघाली तेव्हा मॅडम एवढंच म्हणाल्या, "पाच सेकंदांवर अडून बसला होतात तेव्हाच, तुमचा स्वतःवर भरवसा नाही हे मला कळायला हवं होतं." तो विनोद होता की नव्हता, हे मोठीला आजतागायत कळलेलं नाही.

गुरुवारी धाकटी आली नाही. मोठीनेही फोन केला नाही. तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी, ती कळवल्याशिवाय आली. कडेवर गुंडी, खांद्याला पिशवी. जिन्यातल्या शिपायाने गुंडीला मिशा पिळून दाखवल्या, आणि गुंडी रडली नाही, तिने त्या ओढल्या.

अभ्यासातून नाव काढून फीत पुसून घ्यायचा एक फॉर्म असतो, तो धाकटीला हवा होता. कारण देण्याची आवश्यकता नाही, असं त्यावर ठळक छापलेलं होतं आणि खाली, द्यायचंच झालं तर, एक ओळ मोकळी. धाकटीने सही केली. मोकळ्या ओळीवर पेन टेकवून तिने लिहिलं, 'ताईला माहीत आहे.' मोठीने फॉर्म घेतला. तो वाचणं आणि फायलीला लावणं हेही तिचंच काम होतं.

"पुसायच्या आधी मला एकदा बघू दे," धाकटी म्हणाली.

मोठीने फीत लावली. गुंडी टेबलाखाली ओल्या खेळण्यांच्या बादलीशी खेळत होती. पडद्यावरची गुंडी मापाची पट्टी ओढत किंचाळली. एक टकटक. चेहरा कोरा. एक मिनिट चारला रडणं सुरू झालं, आणि खोलीत कुणीच हललं नाही. मोठी मोजत होती, ओठ बंद ठेवून. धाकटी डावीकडे बघतच नव्हती. ती उजवीकडे त्या दुसऱ्या धाकटीकडे बघत होती, जिचे डोळे काचेकडे वळत होते. अठराला तो मोठा श्वास आला.

एकोणीस. वीस.

"आता वाजव," धाकटी म्हणाली.

मोठीने टेबलावर दोनदा टकटक केली आणि फीत थांबवली.

पडद्यावर दोघी तशाच थबकल्या, गुंडीचं तोंड उघडं, आईची नजर अर्ध्या वाटेवर. धाकटीने लांब श्वास सोडला. ऐकू आलं, असं ती म्हणाली, फार हळू, कुणाला म्हणाली कोण जाणे. तेवढ्यात टेबलाखालून दोन ठोके आले. मग आणखी दोन. गुंडीला खेळ सापडला होता. ती रबराच्या बदकाने टेबलाचा पाय ठोकत होती आणि वर बघत होती, आता काय होतं म्हणून.

धाकटीला हसू आलं. खरं, डोळ्यांपर्यंत पोचलेलं. ते गुंडीसाठी होतं. मोठीकडे तिने पाहिलं नाही, आणि मोठीने ते बरोबर हेरलं. कोणाचं हसू कोणासाठी आहे, हे ओळखण्यात तिची नजर बसलेली होती.

"चहा घेशील?" तिने विचारलं.

"गुंडीचं खेळून होऊ दे," धाकटी म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.